कमिशनिंगला एक ओळ: मराठवाड्यातल्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील कारखानदार, प्रकल्प प्रमुख, खरेदी विभाग, सल्लागार आणि उद्योजक संघटनांचे पदाधिकारी

विषय: वाया जाणारी उष्णता परत वापरणाऱ्या यंत्रणांच्या कमिशनिंगची (बसवल्यावर चालवून, तपासून, जुळवून ताब्यात देण्याच्या कामाची) व्याप्ती ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका नव्या प्रकल्पाची ऑर्डर माझ्याकडे वाचायला आली. आमच्याच पट्ट्यातला कारखाना आहे, नाव घेत नाही. पेंट शॉपच्या ओव्हनमधून, बॉयलरच्या चिमणीतून आणि कॉम्प्रेसरमधून वाया जाणारी उष्णता परत वापरायची अशी योजना. योजना चांगली आहे. ऑर्डर ३४ पानांची. पत्र्याची जाडी, ट्यूबचा दर्जा, रंगाचे हात किती, ट्रकमधून माल कोणी उतरवायचा, सगळं लिहिलेलं. आणि कमिशनिंगला एक ओळ: ‘उभारणी, चाचणी व कमिशनिंग, एकरकमी.’ मूळ कोटेशनमध्ये कमिशनिंगची रक्कम वेगळी दाखवली होती. वाटाघाटीत ती काढून टाकली आणि त्या आकड्यावर पेनाने रेघ मारली. चाचण्यांची यादी म्हणून मागे जे परिशिष्ट जोडलं होतं ते कुठल्या तरी थंड देशातल्या कामाचं उचललेलं. कॉइलमधलं पाणी गोठू नये याची चाचणी त्यात होती. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, पाणी गोठत नाही. लाइट गेल्यावर काय होईल याची चाचणी मात्र त्यात नव्हती, आणि लाइट आपल्याकडे जाते.

ती रेघ बघितली आणि हे पत्र लिहायला बसलो.

मी २४ वर्षं वाळूजला युटिलिटी सांभाळतोय. पैठण तालुक्यातल्या गावातून आलो, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं, राखेच्या पाट्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, पाणी हे सगळं माझ्याकडे आहे. वाफेची किंमत मला कागदावरून कळलेली नाही. म्हणून उष्णता वाचवायच्या कुठल्याही कामाला माझा पाठिंबाच असतो. धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी उतरलं की बॉयलरची कार्यक्षमता एक टक्क्याने वाढते, आणि बॉयलरला जाणारं पाणी (फीड वॉटर) ६ अंशांनी जास्त गरम आलं की इंधनात एक टक्का वाचतो, हे ठोकताळे आपल्या देशातल्या ऊर्जा लेखापरीक्षकांच्या अभ्यासक्रमातच आहेत. ते खरे ठरताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. खोटे ठरतानाही पाहिले आहेत, आणि त्यातल्या एका कामाच्या कागदावर माझी सही आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तासाला तीन टन वाफ देणारा बॉयलर, ब्रिकेटवर चालणारा. सोयाबीनचं कुटार आणि पऱ्हाट्या यांच्या ब्रिकेट. चिमणीच्या वाटेवर नवा इकॉनॉमायझर, म्हणजे जाणाऱ्या धुरावर बॉयलरचं पाणी तापवणारा ट्यूबांचा संच, बसवला. ट्रायल सकाळी ११ वाजता झाली. वाफ घेणारे तिन्ही विभाग चालू, लोड, म्हणजे वाफेची मागणी, भरपूर, बॉयलरला पाणी देणारा फीड पंप जवळपास सलग चालू. धूर थंड होऊन बाहेर पडत होता, पाणी गरम होऊन बॉयलरमध्ये जात होतं. सगळे खूश. दोन तासांत कागद तयार झाला, ‘चाचणी समाधानकारक’, खाली मी सही केली.

रात्री मात्र लोड एक तृतीयांशावर यायचा. आमचा फीड पंप लेव्हलवर चालू-बंद होणारा. ड्रममधली पातळी वर गेली की पंप बंद, खाली आली की चालू. लोड कमी असला की पंप दहा-बारा मिनिटं बंदच राहायचा. भट्टी तर पेटलेलीच, ब्रिकेटची आग काही बटण दाबून विझत नाही. त्या दहा-बारा मिनिटांत इकॉनॉमायझरच्या ट्यूबांमध्ये पाणी जागच्या जागी उभं राहून उकळायचं, वाफ धरायची, आणि पंप सुरू होऊन पाणी आत घुसलं की पाइपात घाव बसायचे. रात्रपाळीतला पोरगा मला दोनदा म्हणाला होता, ‘साहेब, रात्री आतमध्ये कोणीतरी घण मारल्यासारखा आवाज येतो.’ मी म्हटलं, बघू. दिवसा जाऊन उभा राहिलो, काहीच आवाज नाही. दिवसा तो येणारच नव्हता.

दहाव्या रात्री बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या फ्लँजचं गॅस्केट फुटलं. तो पोरगा तेव्हा गेज काच धुवायला तिथेच उभा होता. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. वय २३. लग्न ठरलेलं होतं. मी पोहोचलो तेव्हा तो बादलीतल्या पाण्यात हात बुडवून बॉयलर हाऊसच्या पायरीवर बसला होता आणि मला सांगत होता, ‘भट्टीतला जाळ ओढून घेतलाय साहेब, पाण्याची लेव्हल बरोबर आहे.’

चौकशी झाली. इकॉनॉमायझर बनवणारा म्हणाला, आमचं काम आत येणाऱ्या फ्लँजपासून बाहेर जाणाऱ्या फ्लँजपर्यंत. बॉयलरवाला म्हणाला, नंतर बसवलेल्या वस्तूशी आमचा संबंध नाही. इलेक्ट्रिकलवाला म्हणाला, पंप कमी-जास्त वेगाने चालवायचा असं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सल्लागार म्हणाला, ड्रॉइंगमध्ये दाखवलं होतं, ऑर्डरमध्ये आलं नाही. खरं सांगायचं तर यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतलं काम नीट केलं होतं. वेल्डिंग उत्तम होतं. हायड्रोलिक टेस्ट झाली होती, परवानगीचे कागद जागेवर होते. पण ती तपासणी ट्यूबची आणि सांध्यांची ताकद बघते. रात्री दोन वाजता एक तृतीयांश लोडवर ही चार जणांची चार कामं एकत्र कशी वागतील, हे बघायचं काम कोणाचंच नव्हतं. ते कमिशनिंगचं काम होतं, आणि त्याला ऑर्डरमध्ये एक ओळ होती.

नंतर आम्ही सलग पाणी सोडणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बसवला, लोड कमी असताना थोडं पाणी परत टाकीत फिरवणारी लाइन टाकली, आणि खांद्याच्या उंचीवर उघडं असलेलं सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड पाइप लावून सुरक्षित जागी नेलं. चार दिवसांचं काम. तो घणाचा आवाज पुन्हा आला नाही.

आता तक्रारी. शांतपणे मांडतो, पण एकही मागे घेणार नाही.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे. उष्णता परत मिळवणारी यंत्रणा इतर यंत्रांसारखी नसते हे तुम्ही लक्षात घेत नाही. प्रेस बंद पडला की उत्पादन थांबतं, पंधरा मिनिटांत मालकाचा फोन येतो. ही यंत्रणा बंद पडली तर काहीच थांबत नाही. जी उष्णता तिने द्यायची ती बॉयलर गुपचूप भरून देतो. टाकी गरमच राहते, माल निघतच राहतो आणि इंधनाचं बिल थोडं वाढतं. ते का वाढलं याला महिन्याच्या शेवटी दहा कारणं सापडतात.

हे मी एका पेंट शॉपमध्ये पाहिलंय. पावडर कोटिंगच्या ओव्हनचा धूर एका कॉइलवरून नेऊन त्यावर पाणी गरम करायचं आणि ते डिग्रीझिंगच्या टाकीला द्यायचं, अशी व्यवस्था. पॅनलवर हिरवा दिवा, ‘हीट रिकव्हरी चालू’. स्क्रीनवर टाकीचं तापमान ५८. आठ महिने असं चाललं. ब्रिकेट जास्त का लागतात म्हणून मला बघायला बोलावलं. मी आधी हात लावला तो कॉइलमधून परत येणाऱ्या पाइपाला. कोमट. मग वर चढून डॅम्परचा, म्हणजे धुराची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेचा, दांडा पाहिला. दांड्याच्या टोकाला करवतीने एक खाच मारलेली असते, आतलं पातं कुठल्या दिशेला आहे हे त्या खाचेवरून कळतं. खाच सांगत होती की कॉइलकडची वाट बंद आहे आणि कॉइल टाळून जाणारी बायपासची वाट सताड उघडी. डॅम्पर फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर उलटा जोडला होता. हिरवा दिवा डॅम्परच्या जागेवरून येतच नव्हता, पॅनलने ‘उघड’ म्हटलं की तो लागायचा. डॅम्परने ऐकलं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि टाकी ५८ वर होती ती आतल्या वाफेच्या कॉइलमुळे.

हिशोब सोपा आहे. तासाला २,००० लिटर पाणी १५ अंशांनी गरम व्हायचं होतं, म्हणजे तासाला ३०,००० किलोकॅलरी. ब्रिकेटचं उष्मांक मूल्य किलोला ४,००० किलोकॅलरी धरलं आणि बॉयलर ७५ टक्के कार्यक्षम धरला तर किलोमागे ३,००० हाती येतात. म्हणजे तासाला १० किलो ब्रिकेट. दोन पाळ्यांचे १६ तास, महिन्याला २५ दिवस, आठ महिने: ३२ टन. दर तुमचा तुम्ही लावा. अ‍ॅक्च्युएटर सुलटा करायला आम्हाला पाऊण तास लागला. कमिशनिंगच्या दिवशी कोणी शिडीवर चढून ती खाच पाहिली असती तर तेवढाही लागला नसता.

दुसरी तक्रार मोजण्याबद्दल. लाखोंची यंत्रणा घेता आणि फ्लो मीटर वगळता. पाणी ४० अंशांनी गरम होतंय म्हणून टाळ्या पडतात, पण ते तासाला २०० लिटरच वाहत असेल तर त्यात काय आहे? किती पाणी आणि किती अंश, या दोन्ही आकड्यांशिवाय उष्णता मोजताच येत नाही. सेन्सर तपासले जात नाहीत. बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून बघायला अर्धा तास पुरतो. (तेही नीट केलं पाहिजे. आपलं संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्यात बरोबर १०० दाखवणारा सेन्सर इथे चुकीचा असतो. एका इंजिनिअरने माझ्यासमोर चांगला सेन्सर नापास केला आणि वाईट पास केला.) आणि कॉइल नवी, स्वच्छ असताना तिच्यावरचा दाबातला फरक कोणीच लिहून ठेवत नाही. पेंट ओव्हनच्या धुरात चिकट वाफा असतात, त्या कॉइलच्या थंड पातळ पत्र्यांवर (फिनवर) बसतात, थर धरतो, पुढे आग लागायचीही भीती असते. पहिल्या दिवशीचा आकडाच नसेल तर साफ कधी करायचं हे ठरवायचं कशावरून?

तिसरी तक्रार ऋतूंची. तुमचा प्रकल्प मार्चअखेर संपवायचा असतो, हे मी समजू शकतो, हिशोबाचं वर्ष तिथेच संपतं. म्हणून निम्म्या यंत्रणा एप्रिल-मेमध्ये ताब्यात घेतल्या जातात. बाहेर ४० च्या वर पारा, टाकीत येणारं पाणीच ३२-३३ अंशांचं. गरम पाण्याची मागणी वर्षातली सगळ्यात कमी. अशा वेळी केलेली ट्रायल डिसेंबरबद्दल काय सांगणार? औषध कारखान्यांत उलटं. तिथे सगळी ताजी हवा आत घ्यावी लागते आणि बाहेर जाणाऱ्या २४ अंशांच्या हवेतला गारवा आत येणाऱ्या ४२ अंशांच्या हवेला देता येतो. त्याची खरी परीक्षा मेमध्ये, पण ती ट्रायल मी जानेवारीत झालेली पाहिली आहे. ऑक्टोबरच्या रात्री बाहेरची आणि आतली हवा सारखीच असते. त्या वेळी कॉइल बाजूला काढून हवा बायपासने गेली पाहिजे, नाहीतर मिळत काहीच नाही आणि पंखा फुकट वीज खातो. हा बदल आपोआप होतो का, हे बघायला कोणी थांबत नाही. आणि आपली धूळ! एप्रिलमधल्या वावटळींनी पंधरा दिवसांत कॉइलच्या फिन बुजतात. परदेशी पुस्तकात गोठण्याची काळजी असते, मराठवाड्यात धुळीची करावी लागते.

चौथी तक्रार: बिघाड करून बघितला जात नाही. पाणी फिरवणारा पंप मुद्दाम बंद करा, डॅम्पर बायपासला जातो का? लाइट घालवा, डॅम्पर कुठल्या स्थितीत थांबतो? सेन्सरची वायर सोडा, पॅनल ओरडतं की गप्प बसतं? जालन्यातल्या ज्या रोलिंग मिलमध्ये रिहीटिंग फर्नेसला (पोलाद पुन्हा तापवायच्या भट्टीला) रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेवर जाळायची हवा तापवणारा ट्यूबांचा संच) आहे, तिथे मिल अडकली की जाळायची हवा कमी होते आणि रिक्युपरेटरच्या ट्यूबा तापतात. त्यांना वाचवणारी हवेची वाट वेळेवर उघडते का, हे मिल थांबवून बघितलं पाहिजे. स्क्रू कॉम्प्रेसरच्या तेलातून उष्णता घेताना ती जास्त ओढली तर तेल फार गार होतं आणि त्यात पाणी साठतं; तिथला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह तपासला पाहिजे. फर्नेस ऑइल किंवा कोळसा जाळणाऱ्यांनी तर कमी लोडची चाचणी चुकवूच नये. गंधकामुळे धुरातून आम्ल सुटायला लागतं ते इंधनाप्रमाणे साधारण १२० ते १५० अंशांना. दिवसा पूर्ण लोडला तुम्ही त्याच्या वर असता, रात्री खाली जाता, आणि दोन वर्षांत ट्यूबा चाळणी होतात. मग खापर ट्यूबवाल्यावर फुटतं.

कंडेन्सेटबद्दल वेगळं लिहितो, कारण तो आपल्याकडे पाण्याचाही प्रश्न आहे. वाफेचं परत येणारं पाणी म्हणजे गरम, क्षार नसलेलं, पैसे खर्चून शुद्ध केलेलं पाणी. ते खराब झालं तर नाल्यात सोडणारा व्हॉल्व्ह एका सेन्सरवर चालतो. तो सेन्सर नीट लावून दिला नाही, की चांगलं पाणीही महिनोन् महिने गटारात जातं. आपले कारखाने जायकवाडीचं पाणी पितात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या प्रदेशात हे घडलं तिथे शुद्ध केलेलं पाणी केवळ सेन्सर लावून दिला नाही म्हणून वाहून जाणं मला सहन होत नाही.

आणि शेवटची तक्रार माणसांची. ट्रेनिंग होतं ते कॉन्फरन्स रूममध्ये, मॅनेजरांना, इंग्रजीतून, हजेरीपटावर सह्या घेऊन. रात्री दोन वाजता यंत्राशेजारी असतो तो गंगापूर, कन्नड, पैठणकडचा कंत्राटी पोरगा. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की घणाचा आवाज आला तर काय करायचं. त्याने सांगितलेलं ऐकायला कोणी नसतं. मीही ऐकलं नव्हतं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतलं नाही तर खरेदीवाल्याला ऑडिटमध्ये उत्तर द्यावं लागतं. लहान ठेकेदाराला शेवटचे १० टक्के दोन-दोन वर्षं मिळत नाहीत, मग तो डिसेंबरात पुन्हा फेरी कशाला मारेल? त्याच्या फेरीचे पैसे ऑर्डरमध्ये धरलेलेच नसतात. म्हणून माझ्या मागण्या दोन्ही बाजूंचा विचार करून लिहिल्या आहेत.

१. कमिशनिंगची रक्कम ऑर्डरमध्ये वेगळी दाखवा आणि ती वाटाघाटीतून बाहेर ठेवा. तिच्यासोबत चाचण्यांची यादी जोडा, आपल्या कारखान्यासाठी, आपल्या हवामानासाठी लिहिलेली.

२. एका माणसाचं नाव लिहा, जो सगळ्या हद्दी ओलांडून पूर्ण यंत्रणेसाठी जबाबदार असेल. तो ठेकेदाराचा नको. तुमचा अनुभवी माणूस असेल किंवा बाहेरचा प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक. काम ड्रॉइंगच्या टप्प्यावरच त्याच्या हातात द्या. पाइप टाकून झाल्यावर फ्लो मीटरला जागा राहत नाही.

३. चाचणी पूर्ण, अर्ध्या आणि कमीत कमी लोडवर घ्या. त्यातली एक रात्रपाळीत घ्या. पंप बंद, लाइट बंद, सेन्सर तुटला, डॅम्पर अडकला, हे चारही बिघाड मुद्दाम करून बघा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुठे उघडतं हे डोळ्यांनी बघा.

४. फ्लो मीटर, आत-बाहेरची तापमानं आणि स्वच्छ अवस्थेतला दाबाचा फरक, एवढं नोंदवल्याशिवाय यंत्रणा ताब्यात घेऊ नका. किमान सात दिवसांच्या सलग नोंदी घ्या. पॅनलवरचा दिवा डॅम्परच्या खऱ्या स्थितीवरून लागला पाहिजे, हुकमावरून नव्हे.

५. दुसऱ्या ऋतूतली चाचणी ऑर्डरमध्येच लिहा आणि तिच्या फेरीचे पैसे द्या. तोपर्यंत १० टक्के रक्कम थांबवायला हरकत नाही, पण चाचणी पास झाल्यावर १५ दिवसांत ती ठेकेदाराच्या खात्यात गेली पाहिजे. हेही लेखी.

६. यंत्राशेजारी मराठीत एक पान लावा: चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, कुठला आवाज, कुठलं तापमान धोक्याचं, आणि फोन कोणाला करायचा. चाचणीला तिन्ही पाळ्यांची माणसं हजर ठेवा. चाचणीच्या कागदावर अटेंडंटचीही सही घ्या, आणि ‘मला पटलं नाही’ असं लिहायचा अधिकार त्याला द्या.

७. उद्योजक संघटनांना विनंती की त्यांनी या कामाचा एक नमुना मसुदा मराठीत तयार करावा आणि लहान कारखान्यांना मोफत द्यावा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, सगळीकडे तोच वापरता येईल. एक पोर्टेबल फ्लो मीटर आणि तपासलेल्या थर्मामीटरचा संच संघटनेने घेऊन भाड्याने दिला, तर ज्यांना स्वतः घेणं परवडत नाही त्यांचीही सोय होईल.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा आहे. बॉयलरचा १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला. बिडकीन-शेंद्र्याला नवे कारखाने उभे राहत आहेत, त्यांच्या छतावर आणि चिमण्यांवर या यंत्रणा बसणार आहेत. वर लिहिलेल्या सात गोष्टींसाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. ऑर्डर तुमची आहे, त्यात काय लिहायचं हे तुमच्याच हातात आहे.

ज्या ३४ पानी ऑर्डरमुळे हे पत्र लिहिलं तिच्यावर अजून अंतिम सही झालेली नाही. माल फॅब्रिकेशनला गेलेला नाही. तिथल्या प्रकल्प प्रमुखांनी मला मत विचारलं, मी ते लेखी दिलं आहे: पेनाने मारलेली रेघ काढा, गोठण्याच्या चाचणीचं परिशिष्ट काढा, आणि त्या जागी वरची यादी जोडा. यादी मी त्यांच्यासाठी हाताने लिहून दिली आहे, साडेतीन पानं झाली. दुसऱ्या कोणाला हवी असेल तर त्यांनाही देईन. रविवारी मला सुट्टी असते. तुमच्या यंत्रणेचा हिरवा दिवा खरा आहे का हे बघायला मी शिडी चढायला येईन, पैसे घेणार नाही.

तो पोरगा आता आमच्याकडेच आहे, बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास होऊन पहिल्या पाळीचा प्रमुख झालाय. पुढच्या महिन्यात आमच्याकडे कॉम्प्रेसरवर नवी हीट रिकव्हरी बसतेय. तिच्या चाचणीच्या कागदावर पहिली सही त्याची असेल, माझी त्याच्याखाली.

आपला,
एक युटिलिटी इनचार्ज,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर